पाचवं विमान कुणाचं

सेगेद, सप्टेंबर १९२६

प्रिय रेन्झो,

तुझ्या कियोज्जात आता होड्यांना नव्याने डांबर लावायचे दिवस असतील. इकडे दारोदारी मिरच्यांच्या माळा वाळताहेत. पिरोश्का त्याच तिखट हातांनी डोळे चोळते आणि वर नवरा म्हणून मलाच बोल लावते. माझा पाय थंडीची चाहूल लागली की कुरकुरायला लागतो, बाकी बरा आहे. शाळेत भूगोल शिकवतो. पोरं विचारतात, "सर, वरून नद्या खरंच निळ्या दिसतात?" मी सांगतो, मी वरून पाहिलेली शेवटची नदी पियावे, आणि तेव्हा रंग बघायला सवड नव्हती. घरात सध्या सगळे दबक्या आवाजात बोलतात. का, ते शेवटी सांगतो.

तुमच्या त्रेविझोचं इस्पितळ आठवतं ना? मी तुमचा युद्धकैदी, माझा पाय फळीला बांधलेला, आणि पलंगाच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं, तू आणि तुल्लिओ. पाच विमानं पाडली की वैमानिक 'एक्का' व्हायचा, आणि तुम्ही दोघंही चारवर अडकलेले. तुल्लिओ म्हणाला, "हा माझा! याचं इंजिन माझ्या गोळ्यांनी बंद पडलं." तू उसळलास, "तुझ्या? अरे, तू ढगात गोळ्या पेरत होतास!" मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, "बाबांनो, माझी तुमच्याकडे पाठ होती. आणि मी जरा पडण्यात गुंतलो होतो." तुम्ही असे खदखदून हसलात की नर्सबाई धावत आल्या आणि तिघांनाही झापलं. त्यानंतर तुझी संत्री आणि त्याच्या आईने पाठवलेलं सुकं मांस यांची चढाओढ लागली. साक्षीदाराला फितवायचे प्रयत्न, दुसरं काय! शत्रूच्या देशात माझं वजन वाढलं. आणि तोफांच्या माऱ्यातून आमच्या तळावर जाऊन, मी जिवंत आहे एवढं सांगणाऱ्या चिठ्ठीची पिशवी तू विमानातून टाकून आलास. आईने काळे कपडे बाहेर काढून ठेवले होते. ते तिने परत पेटीत टाकले.

युद्ध संपल्यावर चौकशी समितीने ते पाचवं विमान तुल्लिओच्या नावावर लावलं. खालच्या खंदकातल्या शिपायांनी साक्ष दिली की गोळ्या झाडणारं विमान उंच होतं आणि दुसरं नुसतंच खाली घिरट्या घालत होतं. ते दुसरं तुझं. एका शेगडीवर हात शेकणारे, एका वस्तऱ्याने दाढी करणारे तुम्ही, त्यानंतर एकमेकांशी बोलेनासे झालात. त्याच्या लग्नालाही तू गेला नाहीस. मी तुझ्यासमोर हा विषय कधी काढला नाही. तूही नाहीस.

मागच्या आठवड्यात तुल्लिओ आला. हल्ली तो पिठाच्या गिरण्यांची यंत्रं विकतो. त्यासाठी बुडापेस्टला आला होता, तिथून वाकडी वाट करून इकडे. फाटकात टोपी हातात धरून उभा. पिरोश्काला त्याची भाषा कळेना. त्याने "बालिंट" म्हणून हाताने पडतं विमान करून दाखवलं. ती जी हसत सुटली! आमच्या तिखट मासळीच्या रश्शाने त्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, तरी तीन वाडगी प्यायला. मग तोच म्हणाला, "एक विचारू? माझी गोळी होती की त्याची, देवाशपथ मला आजही ठाऊक नाही. पण तू पडत असताना तो तुझ्यामागे खाली का उतरला? अर्धमेलं सावज टिपून आपल्या नावावर लावायला ना? तेवढंच मी त्याला माफ करू शकलो नाही."

रेन्झो, मला वाटायचं त्याला ठाऊकच आहे. मी त्याला सगळं सांगितलं. माझा पंखा थांबला होता, बंदूक गप्प होती, आणि तुमचंच तिसरं एक विमान, कुणी नवखा असेल, मला संपवायला वरून झेपावलं. तेव्हा तू तुझं विमान आमच्या दोघांच्या मध्ये घातलंस. तुझ्याच माणसाच्या गोळ्या तुझ्या पंखातून गेल्या. तू हात उंचावून त्याला हाकललंस आणि मला कालव्यापलीकडचं मक्याचं शेत दाखवलंस. मी टेकेपर्यंत तू डोक्यावर फिरत राहिलास. तुल्लिओ ऐकत होता. मग म्हणाला, "हा गाढव समितीला हे बोलला का नाही?" मी म्हटलं, "त्या नवख्यावर आपल्याच माणसावर गोळ्या झाडल्याचा ठपका आला असता, म्हणून असेल." तो उठून अंगणात गेला आणि बराच वेळ विहिरीपाशी उभा राहिला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. रश्शाला बोल लावू लागला.

आता दबक्या आवाजांचं कारण. आम्हाला मुलगा झालाय. पहिली मुलगी गेली तेव्हा तुला कळवायचं बळ झालं नव्हतं, म्हणून याच्या वेळी तो तग धरेपर्यंत गप्प होतो. आता धरलाय, चांगला रडतो. मी तुल्लिओला म्हटलं, याच्या बाप्तिस्म्याला तू धर्मपिता हो. त्याने नकारार्थी मान हलवली. "ज्याच्यामुळे हे पोर जन्माला आलं, त्याला बोलव. मी मागच्या बाकावर बसेन." तेव्हा तूच ये. पाद्रीबाबा उशीर झाला म्हणून कुरकुरताहेत, त्यांना मी थोपवून धरलंय. नाव लॉरिंत्स ठेवणार आहोत. तुझ्या लोरेन्झो या पूर्ण नावाला आमच्याकडे तेच म्हणतात. तुल्लिओ अजून इथेच आहे. यंत्रांची गिऱ्हाइकं बुडापेस्टला खोळंबलीत, हा इथे आमची लाकडं फोडतोय. तुला स्वतः लिही म्हटलं तर कागद पुढे घेऊन बसला, 'प्रिय' एवढं लिहिलं आणि उठला. आत्ता माझ्या खांद्यावरून वाकून विचारतोय, "येईल का रे तो?"

तुझाच,
बालिंट