वऱ्हाड वापस कधी

गुरुजी, तुमचा तो एक तास मला अजून शब्दन् शब्द आठवतो. रिठदची शाळा, सातवीचा वर्ग, पुस्तक मिटलेलं आणि तुमच्या हातात खडू. तुम्ही सांगताय, "इंग्रज निजामाच्या दारात पयले दोस्त म्हनून आला. मंग म्हने, तुले दुश्मन लय, माही फौज ठेव. मंग म्हने, फौजेचा खर्च दे. खर्च थकला तं म्हने, वऱ्हाड माह्याजवळ राहू दे, मी सांभाळतो. अन् शेवटी? कायमचा मक्ता!" मी हात वर केला. "पन गुरुजी, वापस कवा द्याचं, थे कागदावर नोयतं?" तुम्ही खडू खाली ठेवलात. मग खिशातला शाईचा पेन काढून माझ्या हातात दिलात. "मुदत पाह्यत जाय. साम्राज्याची बोली बदलते, भूक नाई बदलत."

तेव्हापासून मी संशयी झालो तो झालोच. टीव्हीवर एखादा बलाढ्य देश कालच्या दुश्मनाला मिठी मारतो, कालच्या दोस्तावर डोळे वटारतो. लोक म्हणतात, धोरण बदललं. मी म्हणतो, थांबा, आता त्याला काय पाहिजे ते बघा. गावातही माझं तेच. कोणी फुकट चहा पाजला तरी मी कपाच्या बुडाशी पाहतो. तुम्ही गेल्यावर तुमचा पुतण्या काकूंकडे फेऱ्या मारायला लागला, तेव्हा सगळ्यांत आधी वास आला तो मलाच. तुमचं वावर आणि माझं, मध्ये फक्त एका धुऱ्याचा बांध. म्हटलं, गुरुजींच्या मागे काकूंना आपणच जपलं पाहिजे.

पहिल्या वर्षी मी माझ्या विहिरीचं पाणी दिलं. दुसऱ्या वर्षी रानडुकरांनी सोयाबीन लोळवलं, म्हणून माझा राखणदार तुमच्या वावरात बसवला. मग राखणदाराच्या पोटाला म्हणून काकूंच्या पिकातला वाटा घेतला. मग म्हटलं, काकू, या वयात दगदग कशाला, मीच पेरतो. दर वेळी मला त्यांची खरोखर काळजी वाटत होती, गुरुजी, शपथ घेऊन सांगतो. इंग्रजालाही तशीच वाटली असेल का हो?

काल मक्त्याचा कागद घेऊन गेलो. काकूंनी चहा ठेवला, चष्मा काही शोधला नाही. "तू म्हनशीन तिथं सही करतो," तुमच्या फोटोकडे पाहत म्हणाल्या, "तू तं यायच्या हाताखाली शिकलेला." मग गॅस बंद करता करता हळूच म्हणाल्या, "पन वावर वापस कवा येईन रे?" मी म्हटलं, "काहून घाबरता काकू? मी हाव ना." त्या हसल्या नाहीत. मी जन्मभर लोकांकडे जसं पाहत आलो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहा मात्र मी पूर्ण प्यालो.

उद्या आम्हाला दोघांना नोंदणीसाठी वाशीमला जायचं आहे. हे पत्र त्या कागदासोबत एकाच पिशवीत ठेवलंय. पाठवणार तरी कुठे? एवढंच सांगायचं राहिलं की कागद मी तुमच्याच पेनानं भरला. नावं, गट नंबर, चारी बाजूंचे शेजारी, सगळं नीट लिहिलं. मुदतीची जागा कोरी ठेवली.