सहा कच्च्या पेल्यांसाठी बारा तास

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
परवाने व अतिक्रमण विभाग,
नगर कार्यालय.

विषय: परसातील मातीची भांडी भाजण्याची भट्टी पाडण्यापूर्वी तीत सलग बारा तास जाळ करू देण्याबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज, दि. १० फेब्रुवारी. २) आपले परवानगीपत्र, दि. २ मार्च. ३) आपली नोटीस, दि. १२ मार्च.

महोदय,

१. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षे काम करते. घरी आई आणि मी, दोघीच असतो. माझी धाकटी बहीण २९ जानेवारीस वारली. ती कुंभारकाम शिकवत असे.

२. नोटिशीत ‘पक्के बांधकाम’ म्हटलेली भट्टी कमरेइतकी उंच आहे. शेजाऱ्यांनी न्हाणीघर पाडले, त्यांच्या एकशे चाळीस विटा आम्ही डिसेंबरात मागून आणल्या. जोडायला सिमेंट नाही, माती आणि भुसा आहे. जाळी जुन्या खाटेच्या गजांची आणि धुराडे पत्र्याच्या पाइपाचे. धाकटी तेव्हाच आजारी होती. ती खुर्चीत बसून वीट कुठे ते बोटाने दाखवी आणि मी रचत असे. मी दर थराला पातळीमापक लावते म्हणून ती हसायची: “ताई, भट्टी आहे गं, वेधशाळा नाही.”

३. त्या भट्टीसाठी तिने चोवीस पेले केले. पहिल्याची उंची नऊ सेंटिमीटर, शेवटच्याची पाच. हातातली ताकद गेली तसे पेले लहान होत गेले. प्रत्येकाचा कान जिथे चिकटवला आहे तिथे तिचा अंगठा उमटला आहे. भट्टी पेटवण्याआधीच ती गेली.

४. न भाजलेले भांडे म्हणजे वाळलेला चिखल. वरून कोरडे दिसले तरी आत पाणी असते आणि घाईने तापवले तर त्या पाण्याची वाफ भांडे फोडते. म्हणून पहिले पाच तास नुसती धग, मग हळूहळू जाळ, असे बारा तास लागतात. माझ्या पहिल्या अर्जात हे लिहिले होते. खिडकी क्रमांक तीनवरील बाई म्हणाल्या, “अहो, भट्टीचा रकानाच नाही फॉर्मात. बागेतला पालापाचोळा जाळणे, यात टाकते. कागद पुढे तरी सरकेल.” मी मान डोलावली. पालापाचोळ्याला चार तास मिळतात. मला सकाळी १० ते दुपारी २ अशी परवानगी मिळाली.

५. या अर्जातील तक्रार आपल्याविरुद्ध नाही. पाणी शंभर अंशांवर उकळते, हे मला कुणी सांगायला नको होते. तरीही ४ मार्चला मी बारा तासांचे काम चारांत बसवले, कारण पत्रावर शिक्का होता आणि मी आयुष्यात एकही मुदत मोडलेली नाही. आत सतरा पेले होते. पहिला आवाज १० वाजून ४२ मिनिटांनी आला. आपले निरीक्षक घड्याळ घेऊन उभे होते. ते दचकले आणि म्हणाले, “बाई, आत काय फुटलं?” मी वेळ लिहून घेतली. सव्वाअकरापर्यंत मी सोळा आवाजांच्या वेळा लिहिल्या. सतरावा कदाचित दुसऱ्याच्या आवाजात मिसळला असेल, कारण शाबूत एकही निघाला नाही. दोन वाजता निरीक्षकांनी निखारे ओढायला मला मदत केली. ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण’ हा शेरा त्यांना मारावा लागला, कारण फॉर्मात दुसरा शेरा नाही. त्याच शेऱ्याच्या आधारे नोटीस म्हणते, की हेतू साध्य झाल्याने भट्टी २७ मार्चपूर्वी पाडावी.

६. शेवटच्या आठवड्यात केलेले सात पेले मी मागे ठेवले होते. तसे धाकटीनेच बजावले होते, “पहिला डाव देवाला, ताई. सगळे एकदम घालू नकोस.” निरीक्षकांच्या नोंदीत शिल्लक पेले सात आहेत, मी सहा लिहीत आहे. ही माझी चूक समजू नये. गेल्या रविवारी मी बाजारात असताना आईने एका पेल्यात पाणी ओतले. लेकीच्या हातचे एकदा पिऊन बघावे, एवढेच तिला वाटले. मी परतले तेव्हा ताटलीत चिखल होता आणि आई त्याला पुन्हा पेल्याचा आकार देऊ पाहत होती. मला म्हणाली, “मी काही केलं नाही गं, तो आपणच बसला.”

७. तरी विनंती अशी, की २७ मार्चपूर्वी कोणत्याही एका दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा जाळ करू द्यावा आणि भट्टी आपोआप निवण्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत तिला कुणी हात लावू नये. दर अर्ध्या तासाच्या तापमानाचा तक्ता सोबत जोडला आहे. शेजारच्या चारही घरांची हरकत नाही. त्यांच्या सह्या तक्त्यामागे आहेत. त्यानंतर मी स्वतः भट्टी उतरवीन. माती भिजवली की विटा हाताने सुटतात, आपल्या माणसांना यावे लागणार नाही.

८. बारा तास देणे नियमात बसत नसेल, तर कृपया चार तासांचे पत्र काढू नये. मला स्पष्ट नकार कळवावा. नकार आला तर पेले आहेत तसे फळीवर राहतील. मी ते आईच्या हाताला लागणार नाहीत इतके उंच ठेवीन. पण चार तासांचे पत्र आले, तर आई विचारेल, “मिळाली ना परवानगी?” आणि मला हो म्हणावे लागेल. मग ती दहा वाजता भट्टीसमोर खुर्ची आणून बसेल.

आपल्या निर्णयाची वाट पाहत,

(सही)
अर्जदार, मृत कुंभारणीची थोरली बहीण
दिनांक: १६ मार्च