बाप्पांच्या बैठकीसाठी राजेसाहेबांची चॅसी

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
श्रावण वद्य पंचमी, १९५८

तीर्थरूप भाऊसाहेबांच्या चरणी धाकट्या हेमलतेचा दंडवत. गजाननाच्या कृपेने इकडे सगळे ठीक, फक्त ह्यांचं डोकं दुखतं, आणि ते माझ्यामुळे दुखतं असं हे म्हणतात. तुमचा दमा आणि वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळवावे. तुमचं पत्र पोचलं. ‘मोटारीची भानगड पुरुषांवर सोड, तू नैवेद्याचं बघ’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. थोरले आहात म्हणून दंडवत आधी घातला. आता ऐकून घ्या.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाचा गणपती ज्या ट्रकातून यमुनेवर नेला, त्यात आदल्या दिवशी कांदे भरलेले होते. ऐन चातुर्मासात. (आम्ही घरात कांद्याचं नाव काढत नाही, आणि देव सालपटांवर बसलेला.) पुन्हा हे होऊ द्यायचं नाही, असं मी तिथेच देवाला सांगून टाकलं. पुढे फाल्गुनात, इथली कोठी (म्हणजे बंगला) रिकामी करणाऱ्या एका राजेसाहेबांनी मंडळाला विलायती मोटार देऊ केली. हे आणि अध्यक्ष गुणवंतराव हार घेऊन गेले, तर मोटार म्हणजे नुसती चॅसी. चार चाकं, लांबलचक इंजिन, आणि उभ्या दांड्यावर स्टिअरिंग. दार नाही, छप्पर नाही, बसायला पाटसुद्धा नाही. बड्या लोकांच्या मोटारी म्हणे अशाच येत. वरची बॉडी ज्याने त्याने आपल्या हौसेने बांधून घ्यायची. (ही बोटीतून उतरेपर्यंत संस्थान विलीन झालं आणि हौस तशीच राहिली.) गुणवंतराव म्हणाले, भंगारात घालू. मी म्हटलं, रथ करू. ते हसले. “वहिनी, अनंत चतुर्दशीपर्यंत गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही उभे करा, नाहीतर ट्रक आहेच.” मी म्हटलं, बरं.

लाहोरहून आलेले एक सरदारजी इथल्या मोतियाखान बाजारात बसच्या बॉड्या बांधतात. त्यांना अटी सांगितल्या: देवाचं तोंड पुढे, समईला धक्का नाही, आणि देवाकडे कुणाची पाठ नाही. “बीबीजी, तो ड्राइवर उलटा बैठेगा क्या?” असं त्यांनी विचारलं. (प्रश्न रास्त होता, पण मी कबूल केलं नाही.) ते म्हणत, चॅसी विलायती आहे, तिला हात लावायचा नाही, मूर्तीच लहान आणा. मी म्हटलं, झबलं मुलाच्या अंगाला बेततात. झबल्यासाठी मूल कापत नाहीत. शेवटी चौरंगाच्या बरोबर खाली येणारी पेट्रोलची टाकी बाजूला सरकवली, कारण समईखाली पेट्रोल मला चालणार नव्हतं. स्प्रिंगा राजेसाहेबांच्या सुखासाठी मऊ ठेवलेल्या होत्या. देवाच्या जागी गव्हाचं पोतं बसवून चक्कर मारली, तर पहिल्याच वळणाला पोतं आडवं झालं. मग स्प्रिंगांचे पाटे वाढवले. आणि पाठीचा तोडगा असा निघाला, की स्टिअरिंगचा दांडा तिरपा करून खाली आणायचा, पायाखालचे पेडल मागे घ्यायचे, म्हणजे ड्रायव्हर इतका खाली बसेल की त्याचं डोकं देवाच्या पायाशी येईल. पाठ राहील ती चौरंगाच्या लाकडाकडे. भक्ताची जागा तीच, हे ह्यांनीही मानलं. सरदारजींनी विचारलं, “ड्राइवर कितना लंबा है?” मी म्हटलं, मेरे जितना समझिए. त्यांनी दोरीने माप घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि कामाला लागले.

गाडी झाली, पण ड्रायव्हर जमेना. पहिला तोंडात पान ठेवून आला. दुसरा म्हणाला, आंघोळ रविवारी करतो. कॅन्टोन्मेंटमध्ये लष्कराची गाडी चालवणारे आपले खंडेराव निर्व्यसनी, सोवळ्यालाही तयार. पण सहा फुटांचा गडी त्या जागेत बसला तर गुडघे कानाला लागले. गुणवंतरावांनी लगेच ट्रकवाल्याला निरोप धाडला. मी तो परत फिरवला. ड्रायव्हर मिळाला आहे, काळजी नसावी. नैवेद्याचंही बघते आहेच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपली धाकटी,
हेमलता

ता. क. ड्रायव्हर कोण, असं गुणवंतराव रोज विचारतात. घरचाच आहे, आंघोळ केल्याशिवाय बाहेर पडत नाही आणि चातुर्मास पाळतो, एवढं सांगितलं आहे. त्यांनी खूश होऊन सभेत आभारही मानून टाकले.

ता. क. २. आईचं गर्द निळं नऊवारी लुगडं वहिनींच्या ट्रंकेत आहे, ते लगेच पार्सलाने पाठवावे. पाचवारीत क्लच दाबला की निऱ्या ब्रेकमध्ये अडकतात. कासोटा असला की पाय मोकळे राहतात, असं खंडेरावांचंही मत पडलं. (दर मंगळवारी मी भजनाला जाते अशी ह्यांची समजूत आहे. कॅन्टोन्मेंटच्या मैदानात मी रामरक्षा म्हणतच गाडी फिरवते, तेव्हा ती अगदीच चूक नाही.) परवाना निघाला आहे. तुम्हाला नकोच म्हणायचं असेल, तर तशी चिठ्ठी लुगड्याच्या घडीत ठेवावी.