गुहेतली वैदीण

प्रिय सूत्रधारा,

तुझं खरं नाव मला माहीत आहे, पण आमच्या घरी तू कायमचा सूत्रधारच. दर रविवारी तू खेळ मांडायचास, तुम्ही मंडळी आपापल्या घरी कॉम्प्युटरसमोर बसून फासे टाकायचात, एकेका पात्राचं सोंग घेऊन लढायचात, आणि आमची लेक, आमची गोगलगाय, पलीकडच्या खोलीत किंचाळायची. मी शिवणयंत्र थांबवून तिच्यावर ओरडायचे. आता घरात टाचणी पडली तरी ऐकू येते.

ती गेल्यावर तिचा कॉम्प्युटर मी तसाच ठेवला. तिच्या पात्राचं पान समोरच उघडं होतं. रानातली वैदीण, अंगात बळ बेताचं, जीभ मात्र धारदार. अगदी आईवर गेलेली! जन्मभर लोकांची मापं घेतली मी, आकड्यांवरून माणूस ओळखता येतो मला. प्राणाच्या रकान्यात चाळीसपैकी तीनच उरले होते. शेवटच्या खेळात ती गुहेत जखमी झाली आणि पुढच्या रविवारी आमची पोर हॉस्पिटलात होती. माझ्याच्यानं ते तीन बघवेनात. तिथेच विश्रांतीचं बटण दिसलं, ते दाबलं. चाळीस झाले. खूप रडले रे मी.

ते पान तुम्हालाही दिसतं हे मला ठाऊक नव्हतं. तुमची मात्र पाचावर धारण बसली, हे काल तुझ्या ताईकडून कळलं. गेलेल्या मैत्रिणीचं पात्र आपोआप बरं झालं म्हटल्यावर कोणीही घाबरेल. कोणीतरी तिच्या नावानं चोरून शिरलंय असं समजून तू त्या वैदिणीला खेळातून काढलंस. तुझं काही चुकलं नाही. पण तिची विद्या, तिच्या मुळ्या, तिचा झगा, सगळं तू विकत घेतलेल्या खेळाच्या पुस्तकांतलं, खेळातल्या सगळ्यांना तू वापरायला दिलेलं. ती बाहेर गेली तसं तेही तिला बंद झालं. पानावर आता नाव आहे आणि खाली रिकामे चौकोन. तिचं कपाट रिकामं केलं तेव्हाही इतकं भकास वाटलं नव्हतं.

भूतबित काही नव्हतं बाबा, मी होते. तिला परत आत घे, म्हणजे तिचं तिला मिळेल. त्या पानाला मी पुन्हा बोट लावणार नाही. आणखी एक. ताई म्हणाली, तिला हलवायचा कोणाला धीर होत नाही, म्हणून तुमच्या गोष्टीत ती अजून त्या गुहेतच पडून आहे. आता ती बरी आहे, चालू शकते. या रविवारी तिला बाहेर आणा. तिला अंधारात एकटं झोपायची सवय नाही.

तुझीच,
गोगलगायीची आई