जावईबापूंचा उजवा खटका

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकणं कागदावरच समजा.) मामींचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा. तुमचा फोन नेहमीप्रमाणे बंद, म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देते आहे.

तुम्ही विचारलंत, तुमच्या लेकाचं, आपल्या दादाचं, कोकेन सोडवील असं औषध तुमच्या प्रयोगशाळेत कुठवर आलं? मामा, रोज नवं औषध येतं आणि आमच्या तोंडाला पानं पुसून जातं. उंदराच्या पिंजऱ्यात दोन खटके असतात. डावा दाबला की कोकेन, उजवा दाबला की गोड दाणा. औषधाने डावा सुटला पाहिजे आणि उजवा राहिला पाहिजे. इथेच घोडं पेंड खातं. एका औषधाने उंदीर दोन्ही खटके दुप्पट जोमाने बडवू लागला. दुसऱ्याने काहीच झालं नाही, फक्त तो माझ्या बोटाला चावला. (बोट बरं आहे, विचारलं नाहीत तरी सांगते.)

मग आले जावईबापू. (हा उंदीरच, सदा रुसलेला, म्हणून हे नाव.) नव्या औषधाने त्यांनी डाव्या खटक्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. आमच्या मोठ्या बाई, ज्या पगाराच्या दिवशीही हसत नाहीत, त्या हसल्या. मी तर मनातल्या मनात पुडी बांधून तुमच्याकडे रवानाही केली. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "आणि उजवा?" उजव्याला जावईबापूंनी हातही लावला नव्हता. दाणा नाकाशी नेला, तरी जावईबापू कोपऱ्यात तोंड घालून बसलेले. बाईंनी औषध बाद केलं. मी म्हटलं, निदान कोकेन तरी सुटलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्याला आता काहीच नकोय. हे सुटणं नव्हे." मी जिन्यात जाऊन रडले. उंदरासाठी रडणारी भाची तुमच्याच नशिबी यायची होती.

तेव्हा चहात ढवळून द्यायची गोळी माझ्याकडे नाही, आणि लवकर येईल असं खोटं लिहवत नाही.

तुमची,
उंदीरवाली भाची

ता. क. : तुम्ही लिहिलंत, दादा हल्ली अगदी शांत झालाय, काही मागत नाही, खोलीबाहेर येत नाही, देव पावला. मामा, आमच्याकडे याला गुण आला म्हणत नाहीत. पत्र ठेवा आणि आधी वर जाऊन बघा, ताट तसंच पडलंय का. तसंच असेल तर त्याला आत्ताच डॉक्टरांकडे न्या. पुढच्या बसने मी येतेच आहे, पण माझ्यासाठी थांबू नका.

आणखी एक : वाटेत त्याला हे पत्र वाचून दाखवा. उंदराशी तुलना केली म्हणून तो माझ्याशी भांडायला उठला, तर मी जिंकले.