जंगलाचा पडदा

अब्बा, तुमाले आन् अम्मीले सलाम.

माझा खोकला गेला, आता काळजी करू नोका.

खुशखबर आयका! इथल्या शाळेत शिकवता शिकवता मी गावच्या इतिहास मंडळात जाते ना, ते मंडळ दर महिन्याले एक भाषण आन् एक सहल ठेवते. रविवारी मंडळातल्या सोमारीबाईनं गावच्या तलावाची गोष्ट सांगितली. मंग कोणीतरी विचारलं, "झाडीपट्टीच्या नाटकाइचे जुने पडदे रंगवत कोण होतं?" मी उभीच राह्यली. म्हटलं, "माझे अब्बा!"

आता पुढची सहल वडशाले, आपल्याच घरी! भाषण तुमचं. तुमाले न विचारता नाव देल्लं, रागावू नोका.

हात थरथरते, हा बहाणा चालणार नाई. ब्रश धरायचाच नाई, फक्त बोलायचं. दवाई रोज घेऊन राह्यले ना?

अम्मी चायच्या कपाइसाठी घाबरन. तिले सांगा, कप आमीच आणू.

फक्त धानाच्या पोत्याइवर झाकलेला तुमचा जंगलाचा पडदा काढा आन् समोरच्या भिंतीले टांगा. भोकं असू द्या.

इतके वर्ष लोकाइनं तुमच्या पडद्यापुढचं नाटक पाहिलं. यावेळी ते पडदाच पाहाले येऊन राह्यले.

तुमची लाडाची,
रुखसार