कोरादोची मेरी

वॉटफर्ड, ८ मार्च १९६४

प्रिय राफाएलदादा,
सप्रेम शालोम, वि. वि.

तुझ्या बहिणीचं तोंड एका शिल्पकाराला आवडलंय, बस हसत! कोरादो नाव, इटालियन. युद्धकैदी म्हणून इथे आला आणि परत जायचं विसरला. तेव्हापासून थडग्यांवर देवदूत कोरतो. म्हणतो, गिऱ्हाइकाची कधी तक्रार येत नाही. हात चेचला म्हणून आमच्या वॉर्डात आला होता. मी पट्टी बांधतेय आणि हा माझी हनुवटी न्याहाळतोय!

आता त्याला जन्मातलं पहिलं मोठं काम मिळालंय, नव्या चर्चसाठी मेरीची मूर्ती. लंडनचे टीकाकार येणार आहेत. जमलं तर तो शिल्पकार, नाहीतर पुन्हा देवदूत. सुट्टीच्या दिवशी मी त्याच्यासमोर बसते. मान अवघडते, पण मेट्रनपेक्षा तो बरं बोलतो.

वहिनीला सलाम, तुझ्या लेकीला, हदासाला, पुष्कळ माया. माझ्यासाठीही थोडी राखून ठेव.
तुझी मिल्का

बर्मिंगहॅम, १५ मार्च १९६४

चि. मिल्कास,
अनेक आशीर्वाद.

आपल्या ज्यू घराण्यात सात पिढ्यांनी मूर्तीपुढे हात जोडले नाहीत आणि तू स्वतःच मूर्ती व्हायला निघालीस! उद्या लोक तुझ्यापुढे मेणबत्त्या लावतील. त्यांना सांग, बाई गणितात नापास आहे, नवस जपून बोला.

थट्टा पुरे. हदासाचं लग्न ठरलंय, पुढच्या वर्षी जूनमध्ये. त्या दगडावर तुझं तोंड राहिलं, तर मेंदीला, मलिद्याच्या प्रार्थनेला, कशालाच माझ्या दारात येऊ नकोस. रागात लिहिलेलं नाही, चहा पिऊन शांतपणे लिहिलंय.

तब्येत सांभाळ, आणि अब्रूही.
तुझा दादा

बर्मिंगहॅम, २ मे १९६५

चि. मिल्कास,
अ. आ.

काल तुला न सांगता मूर्तीच्या अनावरणाला वॉटफर्डला येऊन गेलो. हॅट डोळ्यांवर ओढून चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलो. पडदा सरला, पाहतो तर ती तू नाहीसच! इतके महिने तुला ताटकळत बसवलं आणि शेवटी दुसरीच कोणीतरी? मला रागच आला. आमच्या मिल्कात काय कमी होतं?

आणि मेरी तरी कसली! अंग धडधाकट आणि तोंड मूठभर, टायफॉइडमधून उठल्यासारखं. टीकाकार तोंडाला रुमाल लावून हसत होते. या माणसाने थडगीच कोरावीत. असो, लाज वाचली. लग्नाला आठ दिवस आधी ये, वहिनी एकटी पडते.

घर तुझंच आहे.
दादा

वॉटफर्ड, ६ मे १९६५

प्रिय दादा,
सप्रेम शालोम, वि. वि.

टायफॉइड नव्हे रे, तुझी अट. त्याने माझंच तोंड कोरलं होतं, पुरं झालं होतं. इतकी चांगली मी आरशातसुद्धा कधी दिसले नाही. मग मी त्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. हदासाला न्हाऊ-माखू मी घातलंय, तिच्या लग्नाला मला यायचं होतं. त्याने छिन्नी घेतली आणि माझं तोंड काढून टाकलं. काढलेला दगड परत लावता येत नाही, दादा. उरला तेवढ्यातच दुसरं तोंड बसवावं लागलं.

परवा तो इटलीला गेला, कायमचा. लग्न करू, चल म्हणाला होता. मी म्हटलं, आमच्या घरी लग्न आहे.

आठ दिवस आधी येते. वहिनीला एकटी पडू देणार नाही. फक्त मांडवात कोणी विचारलं, मिल्काचं लग्न का नाही झालं, तर उत्तर तू दे.

सगळ्यांना सलाम.
मिल्का